पत्रा नसलेला माड

“तुम्ही कुठे होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

रेवा माझ्या मांडीवर होती. रडून तिचा आवाज बसला होता. मधूनच एक हुंदका यायचा आणि तो ओसरला की ती टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत बसायची. डॉक्टर तिच्या डाव्या खांद्यावरून हलकेच बोट फिरवत होते.

“तिथेच होते,” मी म्हटलं. “कपडे वाळत घालत होते.”

“म्हणजे लक्ष नव्हतं.”

“लक्ष होतं. मी तिच्याकडेच बघत होते.”

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. “बघत होतात आणि डोळ्यांदेखत नारळ पडला?”

हो म्हणायचं की नाही, हे मला कळेना. कारण तसंच झालं होतं. रेवा अंगणाच्या कडेला शिंपल्यांची रांग लावत होती. मी दोरीवर तिचाच फ्रॉक टाकत होते आणि तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे बघत होते, म्हणून वर बघितलं नाही. वर बघत असते तर कदाचित नारळ सुटताना दिसला असता, पण मग तिच्याकडे लक्ष नसतं. हे मी डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबले. ऐकणाऱ्याला ते बहाण्यासारखं वाटत होतं. मलाही.

“कॉलरबोनला चीर गेलीय,” ते म्हणाले. “या वयात हाड लवकर धरतं. पण नशीब समजा. नारळ जरा इकडे पडला असता तर आपण आत्ता वेगळं काही बोलत असतो.”

त्यांनी हाताला झोळी बांधली. रेवाला झोळी आवडली. घरी येताना रिक्षावाल्यालाही तिने ती दाखवली. “नारळ पडला,” ती अभिमानाने म्हणाली.

“कुणाचा गो?” रिक्षावाल्याने विचारलं.

“मयेकर आजोबांचा.”

हे उत्तर मला त्या वेळी फार बरं वाटलं.

सुजयची बदली त्या गावातल्या बँकेच्या शाखेत झाली, तेव्हा आम्ही मयेकरांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला होता. उरलेल्या अर्ध्यात मयेकरकाका एकटे राहायचे. बायको गेली होती, मुलगा परदेशी बोटीवर होता. घराभोवती वाडी, वाडीत माड आणि पोफळी, आणि वाडी संपली की वाळू. घर बघायला आलो त्याच दिवशी मी वर बोट दाखवून काकांना विचारलं होतं, “नारळ पडत नाहीत ना?” मी अशीच होते. विहिरीला कठडा आहे का, गॅसची नळी नवी आहे का, फाटकाला कडी आतून लागते का, सगळं विचारायची.

काका हसले होते. “माड बघून टाकतो, बाय. खाली माणूस असला तर थांबतो. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे कुणाच्या अंगावर पडलेला नाही.”

दवाखान्यातून आलो तेव्हा काका ओट्यावर उभे होते. तो नारळ त्यांनी उचलून भिंतीलगत कट्ट्यावर ठेवला होता. हिरवा, अजून पुरता तयार न झालेला.

“मोडलं?” त्यांनी विचारलं.

“चीर गेलीय.”

त्यांनी रेवाच्या झोळीकडे पाहिलं, मान हलवली आणि ते आत गेले. मी तशीच उभी राहिले. मला वाटत होतं, ते पाणी प्यायला गेले असतील, परत येतील आणि काहीतरी म्हणतील. माझी चूक झाली, असं. किंवा निदान, वाईट झालं, असं. त्यांनी आतून दार लोटून घेतलं.

*

तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून सासूबाई आल्या. रेवाला जवळ घेऊन त्या आधी रडल्या, मग तोंड धुऊन चहा प्यायल्या आणि मग म्हणाल्या, “आता सांग. तू कुठे होतीस?”

मी सांगितलं. दोरी, फ्रॉक, शिंपले.

“आणि वर काय आहे ते दिसलं नाही तुला?”

“आई, मी तिच्याकडे बघत होते.”

“बघत असतीस तर लागलं असतं का?” त्या शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं. “मी काही तुला बोलत नाही हो. तू एकटी, इथे माणूस नाही हाताशी. समुद्र, विहीर, त्यात हे माड. मी घेऊन जाते तिला. शाळेत घालायची होईपर्यंत राहू दे साताऱ्याला. तिकडे डोक्यावर पडायला काही नाही.”

“अहो, ती माझ्याशिवाय झोपत नाही.”

“झोपेल. सुजयही झोपायचा माझ्या आईजवळ.”

सुजय वर्तमानपत्र चाळत होता. मी त्याच्याकडे बघितलं.

“थोडे दिवस म्हणून बघू,” तो म्हणाला. “आईचं तसं काही चुकत नाही, केतकी. आणि तुझं चुकलं असंही ती म्हणत नाहीये.”

“मग कुणाचं चुकलं?”

त्याने वर्तमानपत्राची घडी केली. “असं काय करतेस. अपघात आहे तो.”

अपघात होता तर मुलगी साताऱ्याला का जायची, हे मी त्याला विचारलं नाही. मला तेव्हा हे एवढं नीट सुचलंच नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती: चूक कुणाची तरी ठरायला हवी. ती ठरत नाही तोवर ती माझ्याच अंगणात पडून राहणार होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. रविवारी सकाळच्या गाडीने जायचं, असं सासूबाईंनी ठरवूनही टाकलं. रेवाच्या झबल्याफ्रॉकांची पिशवी त्यांनी कोपऱ्यात भरून ठेवली.

*

माझा मामेभाऊ श्रीरंगदादा पुण्यात लॉ कॉलेजात शिकवायचा. लग्नाआधी त्याच्याच नादाने मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं आणि रेवाच्या वेळी सोडून दिलं होतं. मी त्याला फोन लावला. वाडीत रेंज नसायची, म्हणून फाटकाजवळ उभी राहून बोलत होते. तिथून ओटा दिसायचा, आणि ओट्यावरचा नारळ.

“नोटीस पाठवता येईल का?” मी विचारलं.

“आधी रेवा कशी आहे ते सांग.”

सांगितलं.

“बरं. आता त्या म्हाताऱ्याची चूक काय ते सांग.”

“नारळ त्यांचा आहे.”

“ती चूक नव्हे, ती मालकी. वेळच्या वेळी नारळ उतरवत नव्हता का?”

“उतरवायचे. मागच्याच महिन्यात माणूस चढला होता.”

“तुला कुणी तिथे कपडे वाळत घालू नको म्हणून सांगितलं होतं?”

“नाही. उलट पडत नाही म्हणाले होते.”

“हं.” त्याच्या आवाजात वर्गातला उत्साह आला. “हे चांगलं आहे. म्हणजे तुझ्यासाठी वाईट आहे, पण प्रश्न चांगला आहे. बघ, फार काळ कायदा एकच विचारायचा, चूक कुणाची? चूक दाखवा आणि भरपाई घ्या. चूक दाखवता आली नाही तर ज्याचं नुकसान, त्याच्या पदरात. मग गिरण्या आल्या, रेल्वे आली. माणूस यंत्राच्या पट्ट्यात सापडायचा आणि शोधायला गेलं की चूक कुणाचीच सापडायची नाही. मालक म्हणायचा, मी घरी जेवत होतो. पट्टा बनवणारा म्हणायचा, मी विलायतेत होतो. शेवटी चूक त्या सापडलेल्या माणसाचीच निघायची. तू कुठे बघत होतास, म्हणून.”

मी फाटकाची कडी घट्ट धरली.

“मग हळूहळू प्रश्नच बदलला,” तो पुढे म्हणाला. “चूक राहू दे. वस्तू कुणाची? तिच्यापासून फायदा कोण घेतं? धोका कुणी आणून ठेवला? त्याने कितीही काळजी घेतली असेल, नुकसान त्याने सोसायचं. आता गाडीखाली माणूस गेला तर काही भरपाई ड्रायव्हरची चूक सिद्ध न करताही मिळते. जगभर हा पाया सरकतोय. पण पूर्ण सरकलेला नाही. एक पाय इकडे, एक तिकडे.”

“आणि माड? माड कुठे बसतो?”

“तीच तर गंमत आहे. माड म्हणजे यंत्र नव्हे, वाघ नव्हे. तो तिथे उगवतोच. पण लावला माणसाने, नारळही माणूसच विकतो. परीक्षेत हा प्रश्न घातला तर अर्धी मुलं इकडे जातील, अर्धी तिकडे.”

“आणि तू?”

“मी पेपर तपासतो.”

मला हसू आलं नाही. “दादा, मला भरपाई नकोच आहे.”

“मग?”

“मला चूक हवी आहे. कुणाचीतरी. रविवारच्या आत.”

दादा मग म्हणाला, “ते मात्र कायद्याला जमेल असं वाटत नाही.”

फोन ठेवल्यावर मी अधिकच गोंधळले. चूक नसताना जबाबदारी असू शकते, एवढं मला कळलं होतं. पण तसं झालं तर चूक कुठे जाते? ती हवेत विरते की शोधत बसते कुणाला तरी?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी काका बाजारात गेलेले असताना रेवा ओट्यावर चढून त्या नारळाला थोपटत होती. “झोप,” ती त्याला सांगत होती, “झोप हं, बाऊ नाही.” मी तिला उचलायला गेले. तिने थोपटून थोपटून नारळ थोडा फिरवला होता. भिंतीकडे असलेली बाजू आता बाहेर आली होती. देठाजवळ त्याला भोक होतं. कडा कुरतडलेल्या. आत सगळं पोकळ.

उंदराने खाल्लेला नारळ होता तो. म्हणून अवेळी सुटला होता.

मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच नीट वर बघितलं. वाडीतल्या सगळ्या माडांच्या बुंध्यांना पुरुषभर उंचीच्या वर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. उंदीर चढू नयेत म्हणून. पत्र्यावरून त्यांचे पाय घसरतात, हे मला काकांनीच सांगितलं होतं. सगळ्या माडांना पट्टी होती, फक्त कुंपणाकडेच्या तीन माडांना नव्हती. आमची दोरी त्यातल्याच एका माडाला बांधलेली होती.

मला एकदम हलकं वाटलं. लाज वाटण्याइतकं हलकं. मी धावतच घरात गेले.

“आई, या बघा. काकांनी पत्रा मारला नव्हता. या तिघांनाच नाही मारला. म्हणून उंदीर चढले, म्हणून नारळ पडला.”

सासूबाई गवारी निवडत होत्या. त्या उठल्या, पदर खोचून बाहेर आल्या, माड बघितले, नारळाचं भोक बघितलं. एका एका माडाकडे बोट करून त्यांनी पत्रे तपासले. सगळं पटल्यासारखी मान हलवली.

“खरंच की,” त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला.

“आणि तू रोज त्याच माडाला कपडे वाळत घालतेस,” त्या म्हणाल्या. “तुला दिसलं नाही होय इतके दिवस?”

त्या परत आत जाऊन गवारीला बसल्या. मी दोरी धरून तिथेच उभी राहिले. काकांची चूक सापडली होती, खरी, डोळ्यांना दिसणारी. आणि ती सापडल्यामुळे माझी वाढली होती.

*

काका बाजारातून आले तेव्हा मी ओट्यावरच बसले होते. नारळ माझ्याशेजारी होता, भोक बाहेर करून.

“तुम्ही बघितलं होतं ना हे?” मी विचारलं.

“बघितलं.” त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“मग भिंतीकडे का करून ठेवलंत?”

“ते बघून तुम्ही म्हणाल, उंदराने पाडला.”

“उंदरानेच पाडला.”

“उंदीर कुणी पाठवला?” काकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“पत्रा मारला असता तर कुणी कितीही पाठवला असता तरी चढला नसता,” मी म्हटलं. “बाकी सगळ्यांना मारलात. याच तिघांना का नाही?”

काका माझ्यापासून अंतर ठेवून कट्ट्यावर टेकले.

“ते माझे नव्हेत,” ते म्हणाले.

“कुणाचे आहेत?”

“इंदूचे. माझी बहीण, पनवेलला असते. एसटीत होती, डेपोत. आता रिटायर झाली.” ते थांबले. “आई जाताना बोलली होती, ते तीन माड इंदूला. बाकी तुला. पोरीचं माहेर राहू दे एवढं. कागदावर नव्हतं काही. मग वारसाची नोंद लावायची वेळ आली, तेव्हा मी तिला बोलावली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. सगळ्याच बहिणी करतात, तिनेही केली. मी विचारलं नाही, तिने मागितलं नाही. जेवून दुपारच्या गाडीने गेली.”

“आणि नारळ?”

“नारळ घेतो मी. घेत आलो.” त्यांनी हाताने तोंड पुसलं. “पत्रा मात्र मारवला नाही कधी. माणूस शिडी घेऊन यायचा, सगळे माड करायचा. या तिघांपाशी आला की मी म्हणायचो, राहू दे. माझे नाहीत त्यांना खिळा कसा मारू?”

खोबरं खाताना माड त्यांचे होते आणि खिळा मारताना नव्हते. श्रीरंगदादा हे ऐकून वर्गात उड्याच मारत गेला असता.

“म्हणजे चूक तुमचीच आहे,” मी म्हटलं. मला हवं होतं ते वाक्य शेवटी मीच उच्चारलं.

“तर काय,” काका लगेच म्हणाले. “माझीच. दुसऱ्या कुणाची असणार? नारळ माझ्यावर यायचा होता. इतकी वर्षं थांबला होता. पोर मध्ये आली.”

“काका, मी पत्र्याबद्दल बोलतेय.”

“मी इंदूबद्दल.”

त्यांनी कबूल केलं होतं. काहीही हातचं न राखता. पण त्यांची चूक बहिणीबाबतची होती आणि माझ्या मुलीचा खांदा तिथे केवळ निरोप घेऊन आल्यासारखा होता.

“मी तिला फोन केला परवाच,” ते म्हणाले. “म्हटलं, ये, तुझे माड घेऊन टाक. उद्याच येतेय.”

“आणि रेवाचं?”

त्यांना प्रश्न कळला नाही. खरोखरच कळला नाही, मी त्यांचा चेहरा नीट बघितला. “रेवाचं आता काही नाही होणार,” त्यांनी मला धीर दिला. “माड ज्याचे त्याच्याकडे गेले की काही पडत नाही.”

*

शनिवारी दुपारी इंदूआत्या आल्या. उंच, काटक, खांद्याला बंद तुटायला आलेली जुनी रेक्झिनची बॅग. आधी त्या भावाच्या घरात गेल्या. भिंत एकच असल्यामुळे आवाज येत होते, शब्द नाही. एकदा काकांचा आवाज चढला, एकदा त्या मोठ्याने हसल्या. मग त्या आमच्या दाराशी आल्या. मागून काका.

“कुठाय गो ती?” त्यांनी विचारलं.

रेवा पुढे झाली आणि झोळी दाखवली. “नारळ पडला.”

“माहीत आहे. माझाच होता.” आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. “दुखतं?”

“रोज नाही.”

“रोज नको दुखायला.”

सासूबाई भिंतीशी बसून पिशवीत रेवाची बाहुली कोंबत होत्या. सकाळची गाडी होती. “बसा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या भावाला बोला जरा. आणि आमच्या हिलाही विचारा, त्या वेळी कुठे होती ते.”

“नाही विचारत,” आत्या म्हणाल्या.

सासूबाईंचे हात थांबले. “का बरं?”

“विचारून काय करू? माड माझा आहे. ही अंगणात असो, नाही तर मुंबईला असो. माझ्या माडाने हिच्या पोरीचं हाड मोडलं. झालं.”

“इंदू,” काका मागून म्हणाले, “तो माझ्या नावावर असताना पडला.”

“तू दिलास ना मला? मग माड आला तसा नारळही आला. नुसतं झाड देऊन मोकळा होतोस होय? इतकी वर्षं खोबरं कुणी खाल्लं ते मी काढलं नाही अजून. गप राहा.”

काकांच्या मनात वेगळंच काही होतं. माड देऊन टाकले की आपल्यावरचं उतरेल, एवढंच त्यांनी धरलं होतं. ते बहिणीच्या डोक्यावर जाऊन बसेल हे त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की मला त्यांच्यावर रागावणं जमेना.

“पण तुमची काय चूक?” सासूबाईंना आता हे सोडवेना. “तुम्ही तर इथे नव्हतातच.”

“नव्हतेच.”

“मग?”

“अहो, डेपोत असताना आमच्या गाडीला काही झालं की आधी आम्ही दवाखान्यात जाऊन उभं राहायचो. ड्रायव्हरची चूक होती का, बैल मध्ये आला का, पाऊस होता का, ते वर्षानुवर्षं चालायचं. चालू दे. गाडी आपली होती ना? मग तिथे उभं राहायला आपणच.” त्या माझ्याकडे वळल्या. “डॉक्टर परत कधी बोलावतात?”

“सोमवारी,” मी म्हटलं. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला गेला होता की ज्याचं उत्तर मला येत होतं.

“मी येते. हाड धरेपर्यंत मी इथेच आहे. दवाखान्याचं सगळं माझ्याकडे. याच्याकडचा शिडीवाला उद्या सकाळी येतोय, पत्रे मारून घेते. आणि वर काय काय कुरतडलेलं आहे ते उतरवते.” मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी सासूबाईंना विचारलं, “ही पिशवी कुणाची?”

“रेवाची. मी नेणार आहे तिला. साताऱ्याला.”

“आणि मग सोमवारी?”

सासूबाईंनी पिशवीचा बंद आवळला.

“नाही, न्या की,” आत्या म्हणाल्या. “तुमची नात आहे. मी कोण सांगणारी? फक्त मग मला साताऱ्याला यावं लागेल. माझ्या माडाचं आहे, मला चुकवता येणार नाही. तुमच्याकडे जागा आहे ना एका माणसाला? मला भाकरी चालते.”

त्या हे इतक्या साधेपणाने बोलल्या, की त्यांनी मुद्दाम केलं की खरंच तसा विचार केला, हे मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंसमोर एक बाई बसली होती, जिची काहीही चूक नव्हती आणि जी जागची हलायला तयार नव्हती. तिला काय बोलायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. तिचे आभार मानावेत तर तिने उपकार केल्यासारखं काही म्हटलं नव्हतं. तिला माफ करावं तर तिने काही केलंच नव्हतं.

रेवा तेवढ्यात ओट्यावरून तो नारळ पोटाशी धरून, एका हाताने, घेऊन आली. मी धावले. आत्यांनी तो आधीच घेतला होता. त्यांनी भोक बघितलं, हलवून बघितला.

“आत काही नाही गो याच्यात,” त्या रेवाला म्हणाल्या. “फेकू?”

“झोपलाय तो,” रेवा म्हणाली.

“मग झोपू दे.”

काकांनी हात पुढे केला आणि नारळ घेऊन ते गेले. त्याचं त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही.

*

रविवारी सकाळी शिडीवाला आला. अंगणात पत्रा ठोकण्याचा आवाज घुमत होता आणि आत्या खाली उभ्या राहून त्याला ओरडून सांगत होत्या, अजून वर, अजून वर. रेवा आमच्या दारातच होती, तिच्यासाठी आत्यांनी उंबऱ्याबाहेर काठीने रेघ मारून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. गाडीची वेळ होऊन गेली होती, पिशवी कोपऱ्यात तशीच होती, आणि त्याबद्दल आम्ही दोघी काहीच बोललो नव्हतो.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. आमची पुढे बदली झाली, तीन माड रीतसर इंदूआत्यांच्या नावावर झाले असं कानावर आलं. एकदा लग्नात श्रीरंगदादा भेटला तेव्हा मी त्याला सगळं सांगून विचारलं, हे कशात बसतं? “माड तिच्या नावावर नव्हता, फायदा तिने घेतला नव्हता, चूक तिची नव्हती,” त्याने बोटांवर मोजलं. “कशातच बसत नाही. हिला कुठलंच न्यायालय जबाबदार धरणार नाही.” पण हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची गंमत नव्हती, आणि ताटातला जिलबीचा तुकडा तो तसाच धरून बसला होता.

त्या सकाळी मात्र मला हे काही सुचत नव्हतं. मी पिठाचा हात तसाच घेऊन उभी होते आणि सासूबाई आता काय म्हणतील याची वाट बघत होते. बाहेर ठोकणं थांबलं. त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

“केतकी,” त्या म्हणाल्या.

“हो, आई.”

मी उत्तर जुळवू लागले. तिथेच होते, बघत होते.

“कपडे आता कुठे वाळत घालणार आहेस?” त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. दोरी कुणीतरी सोडून ठेवली होती.

“मागे,” मी म्हटलं. “पेरूच्या झाडापाशी.”

त्यांनी पोळी उलटली. “मागे ऊन कमी असतं,” त्या म्हणाल्या. “बघू. तिचे फ्रॉक आधी घालत जा.”